आज्ञा कोणाची पाळायची?

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. माझं माहेर त्याच कडेगाव तालुक्यातलं. शाळेची सहल सागरेश्वरला जायची तेव्हा बाई यशवंतरावांविषयी भरभरून सांगायच्या. पण त्यांच्या जन्माआधी अर्धं शतक, 1862 मध्ये, याच गावात कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली आणि तीच पुढे रमाबाई रानडे झाली, हे आमच्या कानावर कधी आलं नाही. मला ते कळलं इथे, सिडनीच्या वायव्येला, स्कोफिल्ड्समध्ये संसार मांडल्यावर. ‘उंच माझा झोका’ ही रमाबाईंवरची मालिका आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एकीने दुसरीला सांगून बघितली गेली. मालिका संपली आणि मी गावाकडून मूळ पुस्तकच मागवलं: ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. पहिल्यांदा छापलं गेलं ते 1910 साली, न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर नऊ वर्षांनी.

पुस्तक पतिभक्तीचंच आहे, यात शंका नाही. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. जुन्या रिवाजाप्रमाणे रमाबाई नवऱ्याचं नाव लिहीत नाहीत, ‘स्वतः’ म्हणतात. त्यांची विद्वत्ता, त्यांची सहनशीलता, त्यांचं देवभक्त मन यांनी पानंच्या पानं भरलेली आहेत. मीही पहिल्यांदा ते तसंच वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मला त्यात एका अकरा वर्षांच्या मुलीची, मग पंचविशीतल्या सुनेची, मग तिशीतल्या बाईची शंका दिसायला लागली. ती मोठ्याने कुठेही बोललेली नाही. एखाद्या वाक्यात वर येते आणि पुढच्या वाक्यात आदराचा पदर तिच्यावर ओढला जातो. आज्ञाधारक बायकोच्या मनात काय चालत असे, याचा इतिहास आपल्याकडे असाच लपवून ठेवलेला आहे, आणि तो शोधायचा तर अशाच पुस्तकांत शोधावा लागतो.

लग्नाची हकीगतच बघा. 1873 च्या अखेरीस रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीतले. ते आता विधवेशीच लग्न करतील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. त्यांनी घाईने कुर्लेकरांची मुलगी ठरवली, आणि मुलाने नकार दिला तर संबंध तोडून कोल्हापूरला निघून जाण्याची भाषा केली. मुलगा नमला. त्या डिसेंबरात लग्न लागलं. ज्या माणसाने देशाला विधवाविवाहाचा धडा द्यायचा, त्याने वडिलांची आज्ञा पाळली. लग्नाच्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत, खोलीत जाऊन बसले, हे रमाबाईंनीच लिहून ठेवलं आहे. तिचे वडील मुलीला सोडून परत गेल्यावर त्यांनी तिला विचारलं की मी कोण हे तुला माहीत आहे का, माझं नाव काय. तिने ऐकलेलं नाव सांगितलं. मग लिहिता-वाचता येतं का, असं विचारलं. येत नव्हतं. त्याच रात्री पाटी पुढ्यात आली.

आपण ही गोष्ट नेहमी सुधारकाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती त्या मुलीच्या बाजूने सांगावीशी वाटते. तिच्या माहेरी बायकांनी वाचणं-लिहिणं बरं समजत नसत. पतीची आज्ञा पाळायची, वडीलधाऱ्यांचं मन मोडायचं नाही, हे दोन्ही तिला एकाच श्वासात शिकवलेलं होतं. पुण्यातल्या घरात पहिल्याच रात्री या दोन शिकवणी एकमेकींवर येऊन आदळल्या. नवरा म्हणतो शीक. सावत्र सासूबाई, विधवा नणंद आणि घरातल्या बाकीच्या मोठ्या बायका म्हणतात, शिकू नकोस; तो सांगेल, पण तू कानाआड कर, म्हणजे तो आपोआप थांबेल. तिने वाचलं तर ती निर्लज्ज, आणि नाही वाचलं तर पतीची अवज्ञा. दोन्हीकडे पाप. आणि नवऱ्याची दुसरी आज्ञा पहिलीहून अवघड होती: घरातलं कोणी काही बोललं तरी उलट उत्तर द्यायचं नाही, मुकाट्याने सोसायचं.

पुढे इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती बाई घरी यायला लागल्या. धडा संपला की त्यांना शिवल्याबद्दल आंघोळ करून मगच स्वयंपाकघराकडे फिरकायचं, असा घरातल्या बायकांचा हुकूम. मी ते पान वाचते तेव्हा मला इंग्रजी शब्दांपेक्षा ती ओली बाई दिसते. रोज नवऱ्यासाठी विटाळायचं आणि रोज सासूसाठी शुद्ध व्हायचं. 1884 साली पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर सभा भरली, तेव्हा इंग्रजी भाषण वाचायला रमाबाई उभ्या राहिल्या. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली, आणि तिचा इतिहास सांगताना हे भाषण आपण अभिमानाने सांगतो. त्या रात्री घरी काय झालं ते सांगत नाही. बाईमाणसाने पुरुषांच्या सभेत, तेही साहेबापुढे, इंग्रजी फाडावं, याबद्दल घरातल्यांनी तिला वाटेल ते ऐकवलं. नवऱ्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

त्या शांततेविषयी रमाबाईंना काय वाटलं असेल? पुस्तकात त्यांनी ती थोरवी म्हणून नोंदवली आहे. त्यांचा शब्द मी मानते. पण ज्याच्या आज्ञेवरून आपण उभे राहिलो, त्याने घरच्या बायकांपुढे आपल्या बाजूने एक वाक्य बोलावं, असं कोणत्या बाईला वाटणार नाही? सोसण्याचा उपदेश जो करतो त्याला स्वयंपाकघरात दिवस काढायचा नसतो.

छळणाऱ्या बायकांनाही मी वाईट म्हणून सोडून देऊ शकत नाही. त्यांच्यातल्या काहींना ऐन उमेदीत वैधव्य आलेलं. घरात त्यांचा हक्क कशावर? सोवळं-ओवळं, कुळाचार, कोणी कोणाला शिवायचं आणि कोणी आधी जेवायचं, एवढ्यावरच. नव्या सुनेच्या हातात इंग्रजी पुस्तक आलं की त्यांचा तेवढाही हक्क जाणार, हे त्यांना बरोबर कळत होतं. सुधारकांनी सुनेसाठी पाटी आणली. घरातल्या विधवा बहिणीसाठी त्याच घरात काय आणलं, हा प्रश्न मला त्या पुस्तकातून सारखा ऐकू येतो.

मग पंचहौदाचं प्रकरण. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक सभा झाली, तिथे जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं वादळ, उठलं. टिळक, रानडे, गोखले सगळेच त्यात अडकले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली. बहिष्काराची झळ प्रत्यक्षात बसत होती ती बायकांना: श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, लेकी माहेरी येऊ शकत नाहीत, मुलींची लग्नं अडतात. 1892 साली मित्रांच्या अडचणीकडे बघून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं.

इथे रमाबाईंचं मन उघडं पडतं. त्यांना ते आवडलं नव्हतं, आणि तसं त्यांनी लिहिलं आहे. पुढे लगेच, ते करतात त्याला काही कारण असणारच, अशी मनाची समजूतही घातली आहे. या बाईने त्यांच्या सांगण्यावरून वीस वर्षं बोलणी खाल्ली होती. ख्रिस्ती बाईंना शिवल्याबद्दल आंघोळी केल्या होत्या, स्वतःला अंतःकरणातून पटत नसतानाही घराची शांतता राखायला केल्या होत्या. आणि आता ज्यांच्यासाठी हे सारं सोसलं तेच पंगतीत बसण्यासाठी पंचगव्य घेतात. एवढं मोठं दुःख आणि त्याला पुस्तकात मिळालेली जागा एवढीशी. माझ्या मते सगळ्या आठवणींत सर्वांत खरं लिहिलेली जागा ती हीच.

असं आडून का लिहावं लागलं, त्याचं उत्तर बुलढाण्यात आहे. 1882 साली तिथल्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्याला छापून घेतला. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पतिव्रताधर्म बायकांनीच का पाळायचा, हे त्यांनी पुरुषांना तोंडावर विचारलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. उघड बोलणारीचं हे झालं. नवऱ्याच्या आठवणींच्या आडोशाला बसून लिहिणारीचं पुस्तक घरोघर गेलं आणि आजही मिळतं.

त्या आडोशाला पुढे आणखी काही जणी आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी आली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बायकोला न विचारता. त्यापुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. परत नवऱ्याकडे गेल्या त्याही आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी एकटीनेच केला, आणि तो पुरा झाला तेव्हाच त्या कोणाच्याही हातचं खायला लागल्या. त्यानंतर 1900 साली बाप्तिस्मा. म्हणजे नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, पण स्वतःच्या पायांनी. मला या तिघी-चौघींत लक्ष्मीबाई सर्वांत जवळच्या वाटतात ते यासाठी. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांनी ‘माझे पुराण’मध्ये संस्थेसाठी सगळं देऊन टाकणाऱ्या नवऱ्याबद्दल घरात काय वाटत होतं ते सांगितलं. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेच्या नावे गेली तेव्हा पोराबाळांचं काय, ही आईची काळजी आदर राखून, पण स्पष्ट मांडलेली आहे.

ताराबाई शिंद्यांचा अपवाद सोडला तर ही सगळी पुस्तकं एकाच जातीतल्या बायकांची आहेत, हे विसरून चालणार नाही. आमच्या मराठा घरांत सुनेला पाटी कोणी दिलीच नाही. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. तिच्या डोक्यावरचा पदर दिरांसमोर, सासऱ्यांसमोर कधी खाली आला नाही. पण पहाटे जात्यावर बसली की ती बोलायची. सासरची, नवऱ्याची, भाऊ सणाला न्यायला न आल्याची, सगळी गाऱ्हाणी ओवीत बसायची आणि घरातले पुरुष पांघरुणात पडून ती ऐकत असूनही कोणी काही म्हणू शकत नसे, कारण ओवी ही ओवीच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण मनातलं बोलायला हक्काची जी पहाट होती ती गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

मी जिथे राहते तिथेही अशी एक बाई होऊन गेली. स्कोफिल्ड्स ही मूळची दारुग या आदिवासी लोकांची जमीन. जॉन स्कोफिल्ड हा शिक्षा होऊन आलेला कैदी. त्याच्या नावावरून गावाचं नाव पडलं. 1870 मध्ये रेल्वे स्टेशन झालं, दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला, आणि आता जुन्या शेतजमिनींवर आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत. रिचमंड रोडच्या बाजूचा कोल्बी हा शेजारचा भाग ज्याच्या नावाने ओळखतात, त्या कोल्बी आणि नुरागिंजी या दारुग पुरुषांना गव्हर्नर मॅक्वॉरींनी तीस एकर जमीन दिली होती. कोल्बीची बहीण मरिया. तिला लहानपणी पॅरामाटाच्या शाळेत घातलं, आणि 1819 च्या परीक्षेत गोऱ्या मुलांना मागे टाकून तिने पहिलं बक्षीस मिळवलं असं मानतात. 1824 मध्ये तिचं लग्न रॉबर्ट लॉक या सुतारकाम करणाऱ्या कैद्याशी झालं. 1831 मध्ये तिने गव्हर्नर डार्लिंगना अर्ज केला: माझ्या भावाची जमीन मला द्या. तिला जमीन मंजूर झाली ती नवऱ्याच्या नावे. भावाचे तीस एकर तिच्याकडे यायला 1843 उजाडलं. अर्जात ती नवऱ्याची तक्रार करत नाही, सरकारची तर नाहीच. नम्रपणे, दिलेल्या वचनाची आठवण करून देते. रमाबाईंच्या जन्माच्या तीस वर्षं आधी इथली एक शिकलेली बायको वाकलेल्या भाषेतच आपला हक्क मागत होती. तिची ओळख मला शाळेतून परत येणाऱ्या माझ्या मुलीने करून दिली.

आता आमच्याबद्दल. स्कोफिल्ड्समधला मराठी गोतावळा घट्ट आहे आणि मला तो जिवापाड आवडतो. बाळंतपणात डबे याच बायकांनी पोचवले. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा कोणी न बोलता मुलांना शाळेत सोडणं-आणणं वाटून घेतलं. पण सत्यनारायण असला की पुरुषांची पंगत आधी बसते, आणि आम्ही दिवसभर नोकरी करून आलेल्या बायका वाढायला उभ्या राहतो. कोणी सांगत नाही, तरी उभ्या राहतो. जानेवारीत हळदीकुंकू होतं, चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, गॅरेज पुसून सतरंज्या घालून, तिळगूळ आणि वाणाच्या वस्तू मांडून. एका वर्षी मैत्रिणीची आई भारतातून आली होती. दोन वर्षांपूर्वी यजमान गेलेले. आम्ही चाळीसेक बायका गॅरेजमध्ये हसत-खिदळत होतो आणि त्या आतल्या खोलीत नातवाला घेऊन बसल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, जा गं, तिकडे जा, मी बरी आहे इथे. मी गेले. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, आणि घरी येताना गाडीत नवऱ्याला सांगितलं की हे मला पटलं नाही. तो म्हणाला, मग तिथे का नाही बोललीस? त्याला उत्तर द्यायला मला रमाबाईंचं पुस्तक लागलं. तिथे बोलले असते तर मैत्रिणीची आई सगळ्यांसमोर चर्चेचा विषय झाली असती. माझी सुधारणा तिच्या डोक्यावर पडली असती.

ज्या प्रथेमुळे त्या आत बसल्या तिला महाराष्ट्रातच विरोध सुरू झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. 4 मे 2022 रोजी तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. कोविडने कितीतरी तरुण बायकांवर वैधव्य आणलं होतं, त्याची वेदना त्या ठरावामागे होती. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यात जे वाड्यातल्या पुरुषांनी ठरवायचं ते हेरवाडला ग्रामपंचायतीत ठरलं.

माझ्या सासूबाई जयसिंगपूरच्या, म्हणजे त्याच तालुक्यातल्या. मामंजी गेले त्याला चार वर्षं झाली. हेरवाडची बातमी त्यांनीच मला फोनवर वाचून दाखवली होती, आणि दाखवून झाल्यावर म्हणाल्या होत्या, चांगलं केलं, पण माझ्या कपाळाला आता सवय नाही. येत्या डिसेंबरात त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत, आणि जानेवारीचं हळदीकुंकू यंदा माझ्या घरी आहे. नवऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलं आहे: आईला सगळ्यांत पुढे बसवायचं, पहिलं कुंकू तिला लावायचं. त्याचं मन चांगलं आहे. रानड्यांचंही चांगलंच होतं.

मी त्याला म्हटलं, आधी आईंना विचारू. त्यांना पुढे बसायचं असेल तर पहिलं कुंकू मीच लावीन आणि ज्या बायकांना ते चालणार नाही त्यांची समजूत घालायची जबाबदारीही माझी. त्यांना नुसतं तिळगूळ वाटायचं असेल तर तसं. आणि त्या नको म्हणाल्या तर का नको, हे ऐकायला मी त्यांच्याजवळ बसणार आहे. मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना कोणी कशाबद्दल विचारल्याचं मी बघितलेलं नाही. पाहुण्यांना बोलावण्याआधीचा रविवार मी त्यासाठी मोकळा ठेवला आहे, आणि त्या दिवशी मुलांना घेऊन बाहेर जायचं काम नवऱ्याकडे दिलं आहे.